कार्बुरेटरच्या नळ्या आणि कायदा : अमेरिकेतील क्लासिक मोटारींच्या उत्सर्जन-नियंत्रणाचा एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

१९७० च्या दशकातील एखाद्या क्लासिक मोटारीचा मूळ कार्बुरेटर झिजला, की अमेरिकेतील हौशी मालक बहुधा तो दुरुस्त करीत बसत नाही. वेबर, हॉली किंवा एडेलब्रॉक यांचा नवा कार्बुरेटर बाजारातून आणून तो त्या जागी बसवतो. बोल्ट आवळून झाले, पेट्रोलची नळी जोडून झाली, की खरी अडचण पुढे येते. जुन्या कार्बुरेटरला व त्याच्या आसपास आठ-दहा रबरी नळ्या जोडलेल्या होत्या. नव्या कार्बुरेटरला तशी तोंडे तीन किंवा चारच असतात. उरलेल्या नळ्या कोठे जोडाव्यात याचे उत्तर सोबतच्या माहितीपत्रकात पुरते मिळत नाही. मग त्या नळ्यांना रबरी टोपणे घातली जातात आणि त्यांच्या दुसऱ्या टोकाची उपकरणे काढून फळीवर ठेवली जातात.

तंत्रज्ञानाच्या इतिहासाचा अभ्यास बहुतांशी शोध, शोधक आणि उत्पादक यांच्याभोवती फिरत राहिला आहे. वापरणाऱ्याने एखादे यंत्र कसे बदलले, त्यातून काय काढून टाकले, याची नोंद तुलनेने कमी घेतली जाते. वर सांगितलेल्या प्रत्येक नळीला मात्र स्वतःची जन्मतारीख आहे. ती कोणत्या साली, कोणत्या नियमामुळे आणि कोणत्या वायूला आवरण्यासाठी आली हे निश्चितपणे सांगता येते. या कालक्रमाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे सर्व नळ्या एकाच मापाने मोजल्या गेल्या आणि ‘प्रदूषणाची अडगळ’ या एकाच नावाखाली टाकून देण्यात आल्या. हा समज इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकतो, हे प्रस्तुत लेखात तपासले आहे.

निर्वाताचा संकेत

विषयाच्या आकलनासाठी थोडी तांत्रिक बाजू लक्षात घेणे आवश्यक आहे. पेट्रोल इंजिन हा मुळात हवा ओढणारा पंप आहे. कार्बुरेटरच्या तळाशी असलेली थ्रॉटलची झडप बंद असताना सिलिंडर हवा ओढू पाहतात, पण ती पुरेशी मिळत नाही; त्यामुळे झडपेखालच्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये निर्वात, म्हणजे व्हॅक्युम, तयार होतो. सुस्थितीतील इंजिन जागेवर चालू असताना हा निर्वात पाऱ्याच्या १८ ते २० इंचांच्या आसपास असतो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर तो शून्याजवळ येतो. म्हणजेच इंजिनावर किती भार आहे हे एका बारीक नळीतून कळू शकते. संगणक नसलेल्या काळात अभियंत्यांना मिळालेला हा सर्वांत स्वस्त आणि विश्वासू संकेत होता. डिस्ट्रिब्युटरवरील पत्र्याच्या डबीतला पडदा या निर्वाताने ओढला जाई आणि कमी भारावर ठिणगी थोडी लवकर पडे. उत्सर्जनाचे नियम येण्याच्या कितीतरी आधीपासून ही व्यवस्था इंधन वाचवण्यासाठी वापरात होती.

निर्वात घेण्याची ठिकाणे मुख्यतः दोन. थ्रॉटलच्या झडपेखाली घेतलेल्या तोंडाला पूर्ण मॅनिफोल्ड निर्वात मिळतो, तो इंजिन जागेवर चालू असतानाही. झडपेच्या किंचित वर घेतलेल्या तोंडाला, ज्याला अमेरिकी मेकॅनिक ‘पोर्टेड व्हॅक्युम’ म्हणतात, झडप थोडी उघडल्यानंतरच निर्वात लागतो. दोन तोंडांत अंतर काही मिलिमीटरचे, पण पुढील तीस वर्षांचा बराचसा गोंधळ याच अंतरातून उद्भवलेला आहे.

लॉस एंजेलिसचे धुरके

२६ जुलै १९४३ रोजी लॉस एंजेलिस शहरावर डोळे चुरचुरणारे धुरके पसरले. युद्धाचे दिवस होते. हा जपानचा रासायनिक हल्ला असावा अशी शंकाही काहींना आली. प्रथम दोष देण्यात आला तो शहरातील ॲलिसो स्ट्रीटवरील कृत्रिम रबराच्या एका कारखान्याला. कारखान्यावर निर्बंध आले तरी धुरके परतच राहिले. १९४७ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीत हवा-प्रदूषण नियंत्रणाचा स्वतंत्र विभाग स्थापन झाला. त्याचाही रोख प्रारंभी कारखाने, तेलशुद्धीकरण केंद्रे आणि घराघरांच्या परसात जाळला जाणारा कचरा यांवर होता. मोटारीकडे बोट दाखवले ते एका रसायनशास्त्रज्ञाने.

आरी हागेन-स्मिट हे मूळचे हॉलंडचे, कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत अध्यापन करणारे. अननसाच्या स्वादातील द्रव्ये वेगळी करण्याचे काम करीत असताना त्यांनी तेच तंत्र शहराच्या हवेला लावून पाहिले. पेट्रोलच्या वाफेतील हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोन व इतर दाहक द्रव्ये बनतात, हे त्यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी दाखवून दिले. तेल उद्योगाच्या पैशावर चाललेल्या एका संशोधन संस्थेने त्यांच्या निष्कर्षांना आव्हान दिले. त्या जाहीर टीकेने डिवचले गेल्यामुळेच हागेन-स्मिट आपल्या नेहमीच्या संशोधनाकडे न परतता या प्रश्नाला चिकटून राहिले, असे त्यांच्या चरित्रात दिसते.

ओझोन मोजण्याची त्या काळची एक साधी पद्धत येथे नोंदवण्याजोगी आहे. रबराची पट्टी वाकवून उघड्या हवेत ठेवली, की ओझोनमुळे तिला तडे जात. तडे किती वेळात आणि किती खोल गेले यावरून हवेची प्रत ठरवली जाई. पुढे हाच ओझोन कमी करण्यासाठी मोटारींच्या बॉनेटखाली रबरी नळ्यांचे जाळे पसरले गेले, आणि त्या नळ्यांनाही ओझोन व उष्णतेने तडे जाऊ लागले. तडा गेलेली नळी हवा ओढते, मिश्रण पातळ होते, इंजिन अडखळते. ‘प्रदूषणाच्या नळ्यांनी गाडी बिघडते’ अशी जी तक्रार पुढे सर्वत्र ऐकू येऊ लागली, तिचा एक मोठा भाग मूळ आराखड्यापेक्षा वाळलेल्या रबराचा होता.

मोटार उत्पादकांचा प्रतिसाद संथ होता. लॉस एंजेलिस काउंटीचे एक निर्वाचित पर्यवेक्षक केनेथ हान यांनी १९५३ पासून डेट्रॉइटच्या कंपन्यांशी पत्रव्यवहार चालवला. फोर्ड कंपनीकडून आलेल्या उत्तराचा आशय असा होता की मोटारीतून निघणारी वाफ हवेत लवकर विरून जाते आणि तिच्यापासून प्रदूषणाचा प्रश्न उद्भवत नाही. जानेवारी १९६९ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने प्रमुख उत्पादकांविरुद्ध, त्यांनी संगनमताने प्रदूषण-नियंत्रक उपकरणांचा विकास रोखून धरल्याचा दावा दाखल केला. त्याच वर्षी तो संमतीच्या हुकूमनाम्याने मिटला. खटला उभा न राहिल्यामुळे पुरावे जाहीरपणे तपासले गेले नाहीत, ही इतिहासाच्या दृष्टीने झालेली हानी होय.

नळ्यांचा कालक्रम

नियंत्रण नसलेल्या मोटारीतून बाहेर पडणाऱ्या हायड्रोकार्बनचे ढोबळ विभाजन त्या काळी असे केले जाई : सुमारे ६० टक्के धुराच्या नळकांड्यातून, सुमारे २० टक्के क्रँककेसमधून आणि उरलेले सुमारे २० टक्के टाकी व कार्बुरेटरमधील पेट्रोल उडून गेल्याने. नळ्या आल्या त्या सोप्यापासून अवघडाकडे या क्रमाने.

पहिली आली ती पीसीव्ही झडपेची नळी. पिस्टनच्या कड्यांमधून खाली निसटलेले वायू तोपर्यंत एका उघड्या नळीने थेट रस्त्यावर सोडले जात. १९६१ सालच्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात आणि १९६३ पासून देशभर, हे वायू एका झडपेमार्फत इनटेक मॅनिफोल्डमध्ये ओढून जाळले जाऊ लागले. या नळीने इंजिनाची शक्ती घटत नाही. उलट क्रँककेसमधील पाण्याची वाफ आणि आम्ले ओढली गेल्याने तेल अधिक काळ टिकते. नवा कार्बुरेटर बसवताना ही जाड नळी थ्रॉटलच्या झडपेखालच्या मोठ्या तोंडालाच जोडावी लागते. तिच्यातून येणारी हवा मंदगती मिश्रणाच्या हिशेबात धरलेली असते. म्हणून ती बंद केल्यास इंजिनाची मंदगती बिघडते आणि क्रँककेसमधील दाब तेलाच्या सीलमधून वाट काढू लागतो. बहुतेक बदली कार्बुरेटरांना या नळीचे तोंड दिलेले असते. सर्वांत जुन्या नियमाला बाजाराने निमूटपणे स्वीकारल्याचे ते चिन्ह मानता येईल.

१९६६ च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात आणि १९६८ पासून देशभर, धुरातील हायड्रोकार्बन व कार्बन मोनॉक्साइड यांवर मर्यादा आल्या. काही उत्पादकांनी पट्ट्यावर फिरणारा हवापंप बसवला. तो एक्झॉस्ट झडपेजवळ ताजी हवा सोडून न जळलेले इंधन तेथेच जाळत असे. ॲक्सिलरेटर एकदम सोडला की मॅनिफोल्डमध्ये मिश्रण क्षणभर घट्ट होते आणि एक्झॉस्टमध्ये बार उडण्याची शक्यता निर्माण होते. ते टाळण्यासाठी पंपाची हवा वळवणारी झडप होती आणि तिला संकेत देणारी बारीक नळी पूर्ण मॅनिफोल्ड निर्वाताची होती. नव्या कार्बुरेटरवर ही नळी चुकून पोर्टेड तोंडाला लावली, की ॲक्सिलरेटर सोडताच फटाके वाजू लागतात, आणि मालक पंपालाच दोष देऊन तो काढून टाकतो.

याच सुमारास ठिणगीच्या वेळेला हात घातला गेला. मंदगतीवर ठिणगी उशिरा पडली की धूर अधिक गरम निघतो आणि न जळलेले हायड्रोकार्बन नळकांड्यातच जळतात. यासाठी अनेक इंजिनांत डिस्ट्रिब्युटरची नळी पोर्टेड तोंडावर ठेवली गेली. पण उशिरा पडणाऱ्या ठिणगीने इंजिन तापते. म्हणून उष्णतेवर चालणारा एक निर्वात-स्विच आला. रहदारीत पाणी फार तापले की तो डिस्ट्रिब्युटरला पूर्ण निर्वात देऊन मंदगती वाढवी. एका दोषावर दुसरा उपाय, आणि प्रत्येक उपायाला नवी नळी. बॉनेटखालचा गुंता वाढत गेला तो या रीतीने.

१९७० मध्ये कॅलिफोर्नियात व १९७१ मध्ये देशभर, टाकीतून व कार्बुरेटरच्या फ्लोट चेंबरमधून उडणारी वाफ कोळशाच्या डब्यात साठवण्याची व्यवस्था आली. मोटार उभी असताना सक्रिय कोळसा वाफ धरून ठेवतो. मोटार चालू झाली की ती इंजिनाकडे ओढली जाते. याही व्यवस्थेने शक्ती जात नाही. तरीही बदली कार्बुरेटर बसवताना सर्वाधिक दुर्लक्ष होते ते हिच्याकडे. कारण नव्या कार्बुरेटरचा फ्लोट चेंबर बहुधा थेट एअर फिल्टरखाली उघडा असतो आणि डब्याकडे जाणाऱ्या नळीला तोंडच नसते. टाकीकडून येणारी नळी बंद केली तर त्याहून वाईट. या काळातील टाकीचे झाकण हवाबंद असते. श्वास घेण्याची वाट डब्यातूनच होती. ती वाट बुजली की टाकीत निर्वात साचून पेट्रोल येणे थांबते आणि नवा कार्बुरेटर सदोष असल्याचा निष्कर्ष घाईने काढला जातो.

३१ डिसेंबर १९७० रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी स्वाक्षरी केलेल्या स्वच्छ हवा कायद्याच्या दुरुस्तीने हायड्रोकार्बन व कार्बन मोनॉक्साइड १९७५ पर्यंत आणि नायट्रोजन ऑक्साइडे १९७६ पर्यंत ९० टक्क्यांनी घटवण्याचे लक्ष्य ठेवले. मुदती पुढे अनेकदा वाढवल्या गेल्या, परंतु यंत्रावर त्यांचा परिणाम तत्काळ झाला. नायट्रोजन ऑक्साइडांसाठी ईजीआर झडप आली. तिने थोडा जळका वायू पुन्हा सिलिंडरमध्ये सोडून ज्वलनाचे तापमान खाली आणले. ही झडप मंदगतीवर उघडल्यास इंजिन थरथरते. म्हणून तिची नळी पोर्टेड तोंडाला, आणि मध्ये पुन्हा उष्णतेचा स्विच. ईजीआर बंद करून ठिणगीची वेळ मात्र जुनीच ठेवली, तर मध्यम भारावर इंजिन ठोके देऊ लागते. कारण ठिणगीचा आलेख जळक्या वायूचा गारवा गृहीत धरून आखलेला असतो.

१९७५ च्या मॉडेलपासून बहुसंख्य अमेरिकी मोटारींत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर व शिसेविरहित पेट्रोल आले. १९८१ पर्यंत ऑक्सिजन सेन्सर आणि संगणक कार्बुरेटरच्या आत मिश्रण बदलू लागले. १९८० च्या दशकातील काही जपानी मोटारींच्या बॉनेटखालील नळ्यांचा नकाशा पाहिला तर तो शहराच्या जलवाहिन्यांचा वाटावा. दशकाअखेर इंधन-फवारणीने हे सारे अनावश्यक केले. जीप ग्रँड वॅगनियर १९९१ पर्यंत कार्बुरेटरवर चालली; अमेरिकेत विकल्या गेलेल्या अशा अखेरच्या मोजक्या गाड्यांपैकी ती एक होय.

शक्ती कोठे गेली?

नळ्या काढल्या की इंजिनाची हरवलेली शक्ती परत येते, ही समजूत क्लासिक मोटारींच्या वर्तुळात दृढ आहे. तिला आधार म्हणून आकडे दिले जातात. कॅडिलॅक एल्डोराडोच्या ५०० घनइंची इंजिनाची शक्ती १९७० मध्ये ४०० अश्वशक्ती सांगितली जात होती, १९७१ मध्ये ३६५ आणि १९७२ मध्ये २३५. दोन वर्षांत १६५ अश्वशक्ती नाहीशी झाल्याचे हे चित्र दिशाभूल करणारे आहे. १९७१ मध्ये कमी शिशाच्या पेट्रोलसाठी जनरल मोटर्सने आपल्या इंजिनांचे संपीडन प्रमाण घटवले, ही खरी घट. परंतु १९७२ मध्ये मोजण्याची पद्धतच बदलली. पूर्वी पंखा, अल्टरनेटर, एअर फिल्टर, पूर्ण एक्झॉस्ट यांविना इंजिन मोजत. आता ते सर्व जोडून मोजू लागले. १३० अश्वशक्तीची घसरण प्रामुख्याने कागदावरची होती.

शक्ती घटली नाही असे येथे म्हणायचे नाही. कमी संपीडन, उशिरा पडणारी ठिणगी, पातळ मिश्रण, आणि आरंभीच्या काळातील चोंदणारे कन्व्हर्टर यांनी ती नक्कीच घटवली. मात्र यांतील बहुतेक कारणे पिस्टन, कॅमशाफ्ट व एक्झॉस्ट यांत दडलेली आहेत. कोळशाचा डबा फळीवर ठेवून त्यांत फरक पडत नाही. नवा कार्बुरेटर बसवल्यावर मोटार खरोखरच चपळ वाटते ती नीट जमवलेल्या मिश्रणामुळे आणि नव्या, न गळणाऱ्या जोडणीमुळे. श्रेय मात्र काढून टाकलेल्या नळ्यांना मिळते.

एमजीबीचा दाखला

ब्रिटनमधील ॲबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात बनलेली एमजीबी ही दोन आसनी मोटार मोठ्या संख्येने अमेरिकेत गेली. आरंभी तिला दोन एसयू कार्बुरेटर होते. अमेरिकी बाजारासाठी १९६८ पासून हवापंप, १९७० पासून कोळशाचा डबा आणि पुढे ईजीआर झडप अशी भर पडत गेली. १९७५ च्या मॉडेलपासून दोन एसयूंच्या जागी एकच झेनिथ-स्ट्रॉमबर्ग कार्बुरेटर आला. सुरुवातीची ९५ अश्वशक्ती आणि अमेरिकेसाठीच्या अखेरच्या गाड्यांची सुमारे ६२ अश्वशक्ती यांत मोजमापाचा फरक धरूनही अंतर उरतेच. साहजिकच हा कार्बुरेटर काढून वेबर ३२/३६ बसवण्याची प्रथा रूढ झाली.

अडचण येथे फार बोलकी आहे. एसयू आणि स्ट्रॉमबर्ग या दोन्ही कार्बुरेटरांत वरखाली सरकणारा पिस्टन असतो. तो व थ्रॉटलची झडप यांमधल्या पोकळीत सौम्य आणि जवळजवळ स्थिर असा निर्वात राहतो. त्याचा लाभ घेऊन एमजीबीच्या रचनाकारांनी स्वतंत्र पीसीव्ही झडपच काढून टाकली होती. क्रँककेसची नळी थेट त्या पोकळीला जोडली. आत येणारी ताजी हवाही कोळशाच्या डब्यातून गाळून रॉकर कव्हरच्या बारीक छिद्रातून येई. म्हणजे क्रँककेसचा श्वास आणि डब्याची सफाई ही दोन कामे एकाच प्रवाहात साधली होती. प्रदूषण-नियंत्रणाच्या त्या धावपळीच्या काळातील ही एक नेटकी रचना म्हणावी लागेल.

वेबरमध्ये ती स्थिर निर्वाताची पोकळीच नाही. नळी कार्बुरेटरखालच्या मॅनिफोल्डला तशीच जोडली तर पूर्ण निर्वात क्रँककेसवर येतो, इंजिन तेल ओढते आणि मंदगती ठरत नाही. म्हणून १९६१ च्या पिढीतील पीसीव्ही झडप मध्ये पुन्हा बसवावी लागते. नव्या यंत्रासाठी जुना उपाय परत आणावा लागण्याचा हा प्रकार तंत्रज्ञानाच्या इतिहासात वेगळा उठून दिसतो. तीच गत इंजिन बंद केल्यावरही धडधडत राहण्याच्या खोडीची. तिच्यावर उपाय म्हणून एमजीबीत एक विद्युत झडप होती. किल्ली फिरवताच ती डब्यामार्फत फ्लोट चेंबरवर निर्वात लावून पेट्रोल अडवी. वेबरच्या फ्लोट चेंबरला डब्याची नळीच नसल्याने ही झडप निरुपयोगी होते. तिच्या जागी मंदगतीच्या जेटवर पेट्रोल तोडणारा सोलेनॉइड लावावा लागतो.

कायद्याची नजर

नळी कोण काढतो यावर कायद्याची भूमिका टप्प्याटप्प्याने बदलली. १९७० च्या कायद्याने उत्सर्जन-नियंत्रणात फेरफार करण्यास मज्जाव केला तो उत्पादक व विक्रेते यांना. १९७७ च्या दुरुस्तीने त्यात दुरुस्तीचा व्यवसाय करणारे आले. आणि १९९० च्या दुरुस्तीने कोणतीही व्यक्ती, म्हणजे घरच्या गॅरेजमधला मालकही. १९७४ मध्ये संघीय पर्यावरण संरक्षण संस्थेने काढलेल्या ‘मेमोरँडम १ए’ या धोरणपत्राने बदली भागांना एक वाट ठेवली होती : त्या भागामुळे उत्सर्जन वाढणार नाही असे मानण्यास वाजवी आधार असला पाहिजे. हे पत्र २०२० च्या नोव्हेंबरपर्यंत मार्गदर्शक राहिले, त्यानंतर नवे धोरण आले.

कॅलिफोर्नियाने वेगळा मार्ग धरला. तेथील एअर रिसोर्सेस बोर्डाची निर्मिती १९६७ मधील. पहिले अध्यक्ष हागेन-स्मिटच. बदली भागाची तपासणी करून बोर्ड कार्यकारी आदेशाचा क्रमांक देते. काही ठराविक मोटारींसाठीच्या वेबर संचांना असे क्रमांक मिळाले आहेत, परंतु मूळ नळ्या व उपकरणे जोडलेली राहतील या अटीवर. १९८४ पासून सुरू झालेल्या स्मॉग चेकमध्ये धूर मोजण्याबरोबरच बॉनेट उघडून डोळ्यांनी पाहणीही केली जाते. धूर शुद्ध निघूनही एक नळी कमी असल्यामुळे मोटार नापास होऊ शकते. यावर मालकांचा रोष असतो. तो सर्वस्वी अनाठायी नाही. पण डब्यातून उडणारी वाफ धुराच्या नळकांड्यात मोजता येत नाही, ही वस्तुस्थितीही विसरता येत नाही.

शासनाने स्वतः नळीला हात घातल्याचाही एक प्रसंग आहे. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात कॅलिफोर्नियाने १९६६ ते १९७० या सालांच्या वापरातील मोटारींना नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारी उपकरणे बसवण्याची सक्ती केली. यांतील काही उपकरणे डिस्ट्रिब्युटरकडे जाणारा निर्वातच तोडत. इंजिन तापणे आणि पेट्रोल जास्त लागणे अशा तक्रारींचा पूर आला आणि योजना गुंडाळावी लागली. ‘प्रदूषणाच्या नळ्या’ या शब्दांना लोकमानसात जो कडवटपणा चिकटला, त्याचे मूळ शोधताना हा फसलेला प्रयोग नजरेआड करता येणार नाही.

अस्सलपणाचा प्रश्न

क्लासिक मोटारींच्या जीर्णोद्धारात ‘मूळ स्वरूप’ हा सर्वोच्च निकष मानला जातो. रंगाची छटा, बोल्टच्या डोक्यावरील खूण, आसनाची शिवण यांवर वाद होतात. तरीही अनेक वर्षे त्याच मोटारीचा हवापंप आणि नळ्या काढून टाकण्याला कोणी हरकत घेत नव्हते. ही निवडक अस्सलता होय. १९५७ च्या मोटारीतून युद्धोत्तर समृद्धीचा इतिहास वाचावा आणि १९७५ च्या मोटारीतून पर्यावरण-कायद्याचा इतिहास मात्र खरवडून काढावा, यामागे इतिहासदृष्टीपेक्षा स्मरणरंजन अधिक आहे. अलीकडे स्पर्धात्मक प्रदर्शनांसाठी १९६० च्या दशकाअखेरच्या अमेरिकी मोटारींचे मूळ हवापंप शोधले जातात आणि फेकून दिलेल्या भागांना किंमत येते, ही गोष्ट बोलकी आहे.

भारतातील अनुभव वेगळा आहे. मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर १ एप्रिल १९९५ पासून आला. त्याआधीच्या पद्मिनी किंवा अँबेसेडरच्या कार्बुरेटरवर अमेरिकेइतका गुंता कधी झाला नाही, त्यामुळे उरलेल्या नळ्यांचा प्रश्नही त्या प्रमाणात उद्भवला नाही. मात्र जुलै २०२१ मध्ये केंद्र शासनाने अधिसूचित केलेल्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुने आणि चासी, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेले वाहनच ‘विंटेज’ ठरते. येथे अस्सलपणा हा हौसेचा निकष न राहता कायद्याच्या व्याख्येत आला आहे.

कॅलिफोर्नियात १९९८ पासून जुन्या मोटारींना तपासणीतून सूट मिळू लागली. पुढे ती दरवर्षी एकेका सालाने पुढे सरकत जाणार होती. २००४ च्या कायद्याने हे सरकणे थांबवले आणि सूट १९७५ व त्यापूर्वीच्या मोटारींपुरती कायमची गोठवली. ही रेषा पुढे सरकवण्यासाठी २०२५ मध्ये आलेले विधेयक विधानमंडळाच्या विनियोग समितीत अडले. परिणामी आज तेथे १९७४ च्या एमजीबीची तपासणी होत नाही. फेरफाराची मनाई तिलाही लागू असली तरी बॉनेट कोणी उघडून पाहत नाही, आणि तिचा पंप, डबा व नळ्या बहुधा केव्हाच गेलेल्या असतात. १९७७ च्या एमजीबीला मात्र दर दोन वर्षांनी तपासणीला उभे राहावे लागते. झेनिथ-स्ट्रॉमबर्ग, गल्प झडप, डबा आणि त्यांना जोडणाऱ्या सर्व नळ्या आपापल्या जागी, कार्यरत अवस्थेत सापडण्याची शक्यता सर्वाधिक आहे ती अशाच, सूट न मिळालेल्या मोटारींत.